ओरिजनल देऊ की डुप्लिकेट?

पुण्याच्या नाना पेठेत स्कूटरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “काका, ओरिजनल देऊ की डुप्लिकेट?” हॉटेलात साधा की मसाला विचारावं तितक्या सहजपणे. पुढे त्यातही पोटजाती निघतात. कंपनीचा माल, लोकल, ‘चांगल्यातला लोकल’, आणि शेवटी एक बिननावाचा, ज्याच्याकडे दुकानदार नुसती मान वळवतो. भोसरीतल्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षं मिलिमीटरचे शतांश मोजत काढली, तरी या प्रश्नापाशी आजही अडखळतो. माझ्या घरच्या स्कूटरच्या बाबतीत ओरिजनल कशाला म्हणायचं, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरची स्कूटर म्हणजे वडिलांची लॅम्बी. हे नाव आता पन्नाशीच्या पुढच्यांनाच आठवत असेल. तिचं आजोळ इटलीत. फेर्दिनांदो इनोचेंती हा पोलादी नळ्यांचा कारखानदार. मिलानच्या लांब्राते भागातल्या त्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली लॅम्ब्रेटा बाहेर पडली. स्वातंत्र्यानंतर ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे भांडुपची एपीआय, ती आपल्याकडे जोडू आणि पुढे बनवू लागली. सत्तरच्या दशकात नावाचा हक्क सुटला आणि लॅम्ब्रेटाची लॅम्बी झाली. गाडी तीच, आडनाव कापलेलं. तोवर खुद्द मिलानच्या कारखान्याने स्कूटरमधून अंग काढून घेतलं होतं. १९७२ साली भारत सरकारने लखनौला स्कूटर्स इंडिया काढली आणि इनोचेंतीची यंत्रं, साचे, व्यापारचिन्ह सगळं विकत घेऊन तिकडे हलवलं. विजय डिलक्स, विजय सुपर याच घराण्यातल्या. उत्तरेत धूर सोडत फिरणाऱ्या विक्रम तीनचाकीच्या पोटातही हेच इंजिन होतं. लखनौने १९९७ साली दुचाकी बनवणं थांबवलं.

आता बघा गंमत. मिलानचे खरे साचे लखनौत, तिथे बनलेल्या गाड्या जहाजाने इंग्लंडला जायच्या, आणि तिथले दर्दी त्यांना नाक मुरडून ‘इंडियन’ म्हणायचे. आजही तिकडच्या स्कूटरवाल्यांच्या बोलण्यात ‘इटालियन’ ही पदवी आहे आणि ‘इंडियन’ हा शेरा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. मग लखनौचा एक जुना सिलिंडर मायक्रोमीटरला लावला आणि राग थोडा कमी झाला. साचा मिलानचा असला तरी ओतणारा, घासणारा आणि तपासणारा हात मिलानचा नव्हता.

इंग्लंडात ही गाडी जिवंत राहिली ती कारखान्यांमुळे नाही, हौशी लोकांमुळे. साठच्या दशकात तिथल्या तरुणांनी स्कूटरवर डझनावारी आरसे लावून ती मिरवली, हा भाग चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेला भाग गॅरेजांमधला. आर्थर फ्रान्सिस नावाच्या विक्रेत्याने त्याच काळात लॅम्ब्रेटाची इंजिनं तासून, पोर्ट मोठे करून आपली खास मालिकाच विकायला ठेवली होती. पुढे त्याच नावाची आद्याक्षरं लावणाऱ्या एएफ रेस्पीड या दुकानाने १९८० च्या दशकात टेरी शेफर्ड या ट्यूनरबरोबर टीएस-वन हा सिलिंडर आणला. ओतकाम इटलीतल्या गिलार्दोनीचं. मूळ २०० सीसीच्या इंजिनाचा बोअर ६६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५८. यांनी बोअर ७० केला, कास्ट आयर्नच्या जागी ॲल्युमिनियम घेतलं आणि रीड व्हॉल्व्ह बसवला. हिशेब केला तर २२३ सीसी होतात. मूळ कंपनीने स्कूटर बंद केल्यावर दहा-पंधरा वर्षांनी, कुणीही न मागता, तिच्या इंजिनाची पुढची आवृत्ती काढली गेली. तेव्हापासून इंग्लंड, इटली, जर्मनीत असे किती तरी छोटे लोक उभे राहिले. कुणी क्रँक बनवतो, कुणी सायलेन्सर, कुणी क्लच. बहुतेकांचा कारखाना म्हणजे घरामागची शेड.

त्यातली एक शेड मी पाहिली आहे. माझा भाचा कॉव्हेंट्रीत असतो. “मामा, इथली चर्च तू नंतर बघ, हा माणूस आधी बघ,” म्हणत तो मला तिथे घेऊन गेला. त्या गृहस्थाचं नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. सत्तरीचा, यंत्रकारखान्यातून निवृत्त झालेला, वर्षाला जेमतेम चाळीस क्रँक बनवणारा. लेथ त्याच्याहून थोडीशीच तरुण. भिंतीवर एक फळी होती आणि तीवर मोडक्या क्रँकांची रांग. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तीवर तारीख आणि किती मैल चालला ते. एकाची पिन खवल्यासारखी सोलवटलेली. एकाचे दोन्ही जबडे एकमेकांत पिळलेले. मी ती फळी बराच वेळ बघत राहिलो, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. टूलरूमवाल्याला टूलरूमवाला कळतो.

स्कूटरचा क्रँक हा एकसंध तुकडा नसतो. दोन जाड जबडे आणि मधे पिन. पिन भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी जाड ठेवायची आणि प्रेसखाली दाबून बसवायची. त्या शतांशांच्या पकडीवर सगळं इंजिन फिरतं. पकड कमी पडली तर जबडे पिळतात, जास्त झाली तर जबड्याला भोकापाशी तडा जातो. पिन वरून काचेसारखी कठीण आणि आतून चिवट हवी. म्हणून पोलादाच्या नुसत्या कातडीत कार्बन मुरवायचा, पाणी द्यायचं, मग ग्राइंड करायचं. ती कठीण कातडी साधारण एक मिलिमीटरची. ग्राइंडरवाल्याने घाई केली, कातडी पातळ झाली, की काही हजार किलोमीटरनंतर बेअरिंगच्या रोलरखाली ती फुटायला लागते. बाहेरून दोन्ही पिना सारख्याच चकचकीत. त्या म्हाताऱ्याची फळी म्हणजे हे सगळं त्याला कसं कळलं, त्याची वही होती.

त्याचा क्रँक बाजारात आला आणि वर्षभरात एक तृतीयांश किमतीत दुसरा एक क्रँक पूर्वेकडून आला. हुबेहूब. इतका, की त्याच्या लेथवर जबडा धरायला अडचण यायची म्हणून त्याने एक छोटं आंधळं भोक पाडलं होतं, इंजिनाला त्याचा काडीचा उपयोग नाही, तेही त्या नकलेत त्याच जागी होतं. त्याने दोन्ही क्रँक माझ्या हातात दिले. वजनातही फरक कळत नव्हता. “त्यांनी भोकसुद्धा पाडलंय,” इतकंच तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

नक्कल होते कशी, हे बाहेरच्या माणसाला जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. जुनी पद्धत सोपी. तयार भाग घ्यायचा, तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचा आणि ओतायचं. पण धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम शेकडा सव्वा ते दीड, कास्ट आयर्न साधारण शेकडा एक. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा थोडा मोठा. ही पट्टी न वापरता केलेली नक्कल जन्मतःच खुजी. सिलिंडरचा बोअर पुढे मशीनवर कापला जातो, तो दुरुस्त होतो. पण टू-स्ट्रोक इंजिनाचे पोर्ट, म्हणजे ज्या खिडक्यांतून पेट्रोलमिश्रित हवा आत येते आणि धूर बाहेर जातो, त्या पुष्कळदा ओतकामात येतात तशाच राहतात. खिडकीची कड अर्धा मिलिमीटर सरकली तरी तिच्या उघडण्या-मिटण्याचा काळ क्रँकच्या फेऱ्यात दोन-अडीच अंशांनी बदलतो. गाडी सुरू होते, चालते, फक्त पूर्वीसारखी ओढत नाही, आणि मालक कार्बोरेटरवाल्याच्या मागे लागतो.

आता वाळूत दाबायची गरज नाही. लेझर स्कॅनर भाग फिरवून त्याची त्रिमिती आकृती काढतो, आकसण्याचा हिशेबही संगणक करतो. पण स्कॅनर समोर आहे तेच मोजतो. समोरचा नमुना वापरलेला, झिजलेला असेल तर झीजही इमानाने उतरते. शिवाय समोर एकच नमुना असतो. मूळ माणसाने अमुक माप साठ ठेवलं, पण एकोणसाठ ते एकसष्ट चालेल की साठाच्या अलीकडे-पलीकडे केसभरही नको, हे एका तुकड्यावरून कळत नाही. ड्रॉइंगवर मापाच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेली ती सूट म्हणजेच टॉलरन्स, आणि ती भागावर कुठेही कोरलेली नसते.

धातूचंही तसंच. पिस्टन वरून गोल दिसतो, पण तो गोल नसतो. किंचित अंडाकृती आणि माथ्याकडे निमुळता असतो, कारण तापल्यावर तो सगळीकडे सारखा फुगत नाही. थंड असताना वाकडा ठेवायचा, म्हणजे गरम झाल्यावर गोल होतो. किती वाकडा ठेवायचा, हे मिश्रधातूवर ठरतं. शुद्ध ॲल्युमिनियम तापवलं की जितकं फुगतं, त्यापेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन घातलेलं बरंच कमी फुगतं. आपला ६६ मिलिमीटरचा पिस्टन घ्या, त्याचा घेर दीडशे अंशांनी तापला असं धरा. सिलिकॉन कमी पडलं, तर तो ठरल्यापेक्षा मिलिमीटरच्या चार शतांशांनी जास्त फुगेल. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मोकळीक असते ती साधारण पाच-सहा शतांशांची. म्हणजे आकार तंतोतंत, माप तंतोतंत, आणि घाटात मोकळीक संपलेली.

हे मी गणितातून सांगत नाही, खंबाटकीच्या घाटात सोसलेलं सांगतोय. काही वर्षांपूर्वी लॅम्बीचा पिस्टन आणि रिंगा बदलल्या. ‘चांगल्यातला लोकल’. दुकान कुठलं ते सांगत नाही. चढाच्या मध्यावर गाडीने आधी आवाज बदलला, मग मागचं चाक एकदम धरलं. टू-स्ट्रोकवाल्यांना सवय असते, हात आपोआप क्लचवर जातो, म्हणून पडलो नाही. मागे बसलेली बायको एवढंच म्हणाली, “यात किती वाचवलेस?” चारशे रुपये वाचवले होते.

कार्बोरेटरचा जेट हा याहून साधा भाग. पितळेच्या बोंडाला एक भोक आणि त्यावर आकडा. जपानी केहिन किंवा मिकुनी, इटालियन डेलोर्तो यांच्या कार्बोरेटरच्या नकला जगभर रद्दीच्या भावात मिळतात, आणि दिसायला देखण्या असतात. पण शंभर आकड्याच्या जेटचं एक मिलिमीटरचं भोक पाच शतांशांनी जरी मोठं निघालं, तरी त्यातून जाणाऱ्या पेट्रोलची वाट दहा टक्क्यांनी रुंदावते. आकडा कोरायला पंच लागतो, भोक बरोबर पाडायला गेज लागतं. पंच स्वस्त आहे. रबराच्या सीलचं दुखणं तर नवंच. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आपल्याकडे आता वीस. इथेनॉलला टिकणारं रबर महाग. न टिकणारं रबर पाकिटात तितकंच काळं दिसतं.

टीएस-वनसारख्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो, एक दशांश मिलिमीटरहूनही पातळ. साठच्या दशकात जर्मनीच्या माले कंपनीने तो वांकेल इंजिनासाठी शोधला. निकासिल म्हणतात त्याला. मुलाम्याखालचा धातू नीट धुतला, खरवडला नसेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि पोर्टच्या कडेपासून सुरुवात करतो. आता हे धुणं-खरवडणं कुठल्या स्कॅनरला दिसणार?

मग कायदा काय करतो, असं मी त्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. घरी आल्यावर मी जरा वाचलं आणि त्याचे खांदे बरोबर होते असं माझं मत झालं. पेटंट देशापुरतं असतं, वीस वर्षं चालतं आणि त्यासाठी काहीतरी नवं शोधलेलं लागतं. जुन्या क्रँकपेक्षा नुसता चांगला बनवलेला क्रँक हा शोध धरला जात नाही. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्यात नोंदणी होते ती रूपाची, डोळ्यांना दिसणाऱ्या घडणीची. नुसत्या कामापुरत्या यांत्रिक वस्तूला त्यात जागा नाही. कॉपीराइट म्हणावा, तर आपल्या १९५७ च्या कायद्यातलं पंधरावं कलम सांगतं की नोंदणी करता येण्यासारखं पण न नोंदवलेलं डिझाइन यंत्राने पन्नासहून अधिक वेळा काढलं की त्यातला कॉपीराइट संपतो. म्हणजे हातावर मोजण्याइतके बनवत होतात तोवर संरक्षण, धंदा जरा चालायला लागला की गेलं.

ब्रिटनमधली गोष्ट आणखी रंजक आहे. ब्रिटिश लेलँड ही बलाढ्य मोटार कंपनी. आर्मस्ट्राँग नावाची कंपनी तिच्या मॉरिस मरीना गाडीचे सायलेन्सरचे नळे परवान्याशिवाय बनवून विकायची. लेलँडने दावा लावला की नळ्याची नक्कल म्हणजे आमच्या ड्रॉइंगची नक्कल. १९८६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केलं की हो, तसं होतं खरं, पण गाडी विकल्यावर ती परवडेल अशा खर्चात दुरुस्त करून घेण्याचा मालकाचा हक्क कंपनीला अडवता येणार नाही. निकाल ग्राहकाच्या बाजूने, आणि मला तो तेव्हाही पटला असता, आजही पटतो. एपीआयच्या पश्चात लॅम्बी रस्त्यावर राहिली ती अशाच बिनपरवाना भागांवर. दोन वर्षांनी तिथे नवा कायदा आला. त्याने डिझाइनला बाजारात आल्यापासून दहा वर्षांचा हक्क दिला, त्यातली शेवटची पाच वर्षं मागेल त्याला परवाना द्यायचा अशी अट घातली, आणि दुसऱ्या भागाला जोडला जावा म्हणून जो आकार घ्यावाच लागतो तो मुळातच वगळला. लॅम्ब्रेटात बसणाऱ्या क्रँकचा बराचसा आकार असाच, बसावा म्हणून घेतलेला.

नाव मात्र राखता येतं, पण ज्याच्या खिशात वकील आहे त्याला. चीनच्या लिफान कंपनीने मोटरसायकलींवर ‘होंगडा’ लिहिलं म्हणून होंडाने बीजिंगच्या कोर्टात खटला भरला आणि २००४ साली १४ लाख ७० हजार युआनची भरपाई मिळवली. तरी त्याच होंडाने २००१ मध्ये, आपल्या गाड्यांच्या नकला करणाऱ्या हायनानच्या सुंदिरो कंपनीशी भागीदारी केली होती. हरवता येत नाही त्याला घरात घ्या, हा मोठ्यांचा उपाय. शेडमधल्या माणसाने कोणाला घरात घ्यायचं?

एक गोष्ट मात्र मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडली, टपालखात्यात. १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार, परदेशातून आलेलं छोटं पाकीट घरपोच करण्यासाठी पाठवणाऱ्या देशाने द्यायची रक्कम विकसनशील देशांना कमी लागायची, आणि चीन त्या सवलतीच्या गटात होता. परिणाम असा की शेन्झेनहून ओहायोला पाठवलेल्या पाकिटाचा खर्च ओहायोतल्याच दोन गावांमधल्या पाकिटापेक्षा कमी पडू शकायचा. पिस्टन, जेट, सीलचा संच, सगळं त्या छोट्या पाकिटात मावतं. २०१८ साली अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली, २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हात खास अधिवेशन भरलं आणि देशांना टप्प्याटप्प्याने स्वतःचे दर लावायची मुभा मिळाली. स्वस्त नकलेचा दोष आपण मजुरीला देतो. थोडा टपालाच्या तिकिटालाही द्यायला हवा.

हे सगळं लिहिताना कोल्हापूर डोळ्यांसमोर येत राहतं. शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींनी विहिरीवरची आणि गुऱ्हाळावरची विलायती ऑइल इंजिनं उघडून, मापं घेऊन, स्वतः ओतून इंजिनधंदा उभा केला. त्यांना कोणी नकलाकार म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण का म्हणणार नाही, याचं उत्तर शोधायला मला वेळ लागला. ते इंजिन दहा कोसांवरच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर बसायचं. पाण्याच्या पाळीला बंद पडलं तर तो शेतकरी सायकलवरून दारात हजर व्हायचा. दुसऱ्या वेळी तोच भाग जाड यायचा. कॉव्हेंट्रीतली चिठ्ठ्या बांधलेली फळी आणि ती सायकल एकच काम करत होती. पाकिटातून आलेल्या क्रँकला सायकल मारत जाण्यासारखं दारच नाही. विकणाऱ्याचं खातंसुद्धा तोवर दुसऱ्या नावाने उघडलेलं असतं.

म्हाताऱ्याने क्रँक बनवणं अजून सोडलेलं नाही. किंमत मात्र वाढवलीय आणि संख्या कमी केलीय. भाचा सांगतो की त्याच्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांत आता निम्मे त्याच्याच क्रँकचे जुळे असतात, तो ते उघडतो, बघतो आणि चिठ्ठी बांधून फळीवर ठेवतो. ती कोणाची परीक्षा चालू आहे, हे त्याचं त्याला माहीत.

गेल्या महिन्यात लॅम्बीसाठी पुन्हा पिस्टन हवा होता. नाना पेठेत गेलो, या वेळी खिशात मायक्रोमीटर घेऊन. “काका, ओरिजनल देऊ की डुप्लिकेट?” म्हटलं, ओरिजनल आता कुठून देणार, जेवढे डुप्लिकेट असतील तेवढे काढ. त्याने खोकं काऊंटरवर उपडं केलं. सात पिस्टन होते, एकाच नावाच्या पाकिटांत. स्टुलावर बसून मी एकेक पुसला, माथ्यापाशी, मध्ये, तळाशी, आडवा आणि उभा मोजला. धातूतलं सिलिकॉन मायक्रोमीटरला दिसत नाही, पण जो निदान अंडाकृती कापण्याची तसदी घेतो त्याने धातूकडेही बघितलं असेल, असा आपला अंदाज. तीन चक्क गोल होते. एकाची गजनपिन तिरकी. एकाच्या रिंगेच्या खाचेत बर तशीच राहिलेली. दोन मापात बसले, त्यातला एक तर इतका छान कापलेला की करणाऱ्याला शाबासकी द्यावी. दुकानातला मुलगा मोबाईल बाजूला ठेवून बघत होता.

“असं मोजून नेणारे तुम्ही पहिलेच,” तो म्हणाला.

दोन्ही घेतले. पैसे देऊन होईपर्यंत त्याने उरलेले पाच पाकिटांत घालून पुन्हा त्याच खोक्यात भरले आणि खोकं फळीवर जागच्या जागी ठेवलं.